करंजकर गुरुजींचा हजेरीपट

करंजकर गुरुजींच्या शाळेत आधी पाय बघितले जात, मग पाटी. आम्ही सगळी अनवाणी पोरं. करवंदीच्या जाळ्यांतून, कातळावरून चालत यायचो, त्यामुळे पायात काटा नाही असा दिवस विरळा. गुरुजी वाघजाईच्या देवळाच्या पायरीवर उकिडवे बसत, कोटाच्या वरच्या खिशातून सुई काढत आणि एवढंच म्हणत, "पाय." पोर रडायला लागलं की त्याला सतराचा पाढा विचारायचे. तो कुणालाच धड येत नसे. पोर सतरा त्रिक एक्कावनच्या पुढे अडकून, डोळे मिटून आठवायला लागलं की तेवढ्यात काटा बाहेर. आज मी ऐंशीला टेकले, आयुष्यभर मास्तरकी केली, तरी सतराचा पाढा म्हणताना माझी टाच दुखते.

आमचं गाव जांभळीचा कोंड, पोलादपूरहून दोन तासांची चढण. तेव्हा जिल्ह्याचं नाव कुलाबा होतं आणि गावातले निम्मे बाप्ये मुंबईला गिरणीत होते. शाळा म्हणजे देवळाचा सभामंडप. चार इयत्ता, चार कोपरे आणि मधोमध एकटे गुरुजी. एका कोपऱ्याला शुद्धलेखन घालत, दुसऱ्याला गणितं, तिसऱ्याची कविता ऐकत आणि चौथ्याला नुसत्या डोळ्यांनी गप्प बसवत. गळा असा भसाडा की त्यांनी प्रार्थना सुरू केली की आम्हाला देवीचीच कीव यायची.

ते मूळचे दासगावचे, सावित्रीच्या काठचे. मासळीवर पोसलेला माणूस आमच्या डोंगरात नाचणी-कुळथावर येऊन पडलेला. दर शनिवारी शाळा सुटली की चालत पोलादपूर, तिथून एस.टी.नं महाडवरून दासगाव. सोमवारी परत येताना पिशवीत सुके बोंबील असायचेच. देवळामागच्या पडवीत त्यांनी ते भाजले की वास थेट गाभाऱ्यात. एकदा गुरव भांडायला आला.

"मास्तर, द्येवीच्या दारात ह्यो काय वंगाळ वास!"

"तुझ्या देवीला जत्रेत बोकड चालतो ना रे?" गुरुजींनी बोंबील परतत विचारलं.

"चालतो की."

"मग बोंबलानं काय घोडं मारलंय?"

पुढच्या सोमवारपासून गुरवही वाटी घेऊन यायला लागला.

गुरुजींची एकच खोड आम्हाला जड जायची. उत्तर चुकलं तर ते रागवत नसत, पण पुटपुटत चुकलं तर पाठीत धपाटा बसे. "चुकायचं तर मोठ्यानं चुक गो," म्हणायचे. "पुटपुटलेली चूक सापडत नाही, आणि न सापडलेली आतल्या आत कुजते." त्यामुळे आमच्या शाळेत चुकीची उत्तरं पार खालच्या शेतापर्यंत ऐकू जायची. नांगर धरलेला माणूसही तिकडून ओरडून बरोबर उत्तर द्यायचा.

लावणीच्या दिवसांत शाळा ओस पडे. भाताची रोपं उपटून चिखलात लावायची ती पंधरा-वीस दिवसांत, त्यात हात लहान की मोठा हे कुणी बघत नाही. दुसरा मास्तर असता तर देवळात घोरत पडला असता. गुरुजी धोतर खोचून, छत्री उघडून बांधावर येत. बे एके बे म्हटलं की एक रोप, बे दुणे चार म्हटलं की दुसरं. आम्हा पोरांबरोबर बायाही म्हणू लागत. माझी आई अंगठा उठवणारी, पण ती बारापर्यंतचे पाढे चिखलात शिकली आणि मरेपर्यंत विसरली नाही.

मी अकरा वर्षांची होते त्या जूनमध्ये वरून कागद आला. ज्या शाळेत हजेरी कमी भरते ती बंद होणार, पोरांनी पोलादपूरला जावं. गुरुजींनी देवळात गाव जमवून तो वाचून दाखवला. पावसात दोन तास उतरायचं आणि दोन तास चढायचं. मुलगे कदाचित गेले असते. मुलगी एकही गेली नसती, हे सगळ्यांना कळत होतं, आणि गुरुजींना सगळ्यांत जास्त.

"मास्तर, लावनीत पोरं कशी धाडायची?" पोलीसपाटील म्हणाले. "हात कुटनं आनायचं?"

गुरुजींनी कागदाची घडी घातली. मग म्हणाले, "पोरं लावणीला राहू देत. पटाचं मी बघतो." इतक्या हळू म्हणाले की मागे बसलेल्या बायांना ते पुन्हा विचारावं लागलं.

तेव्हापासून हजेरीपट खोटा झाला. आलेल्या आणि न आलेल्या, सगळ्यांच्या नावापुढे 'ह'. आणि गावाचं ठरलं की दिपोटी आले, म्हणजे शाळा तपासणारे साहेब आले, तर ज्याचं नाव विचारतील ते पोर हजर आहे, आत्ताच गुरुजींबरोबर बांधावर पाढे म्हणायला गेलंय. हे आमच्याकडून घोकून घेतलं. कोणत्याही पाढ्यापेक्षा ते आम्हाला चांगलं पाठ झालं.

खोट्याला थोडा तरी खऱ्याचा आधार असावा म्हणून गुरुजी वरच्या धनगरवाड्यावर गेले. धनगरांना भाताची खाचरं नाहीत, त्यामुळे त्यांची पोरं लावणीत मोकळी. तिथं जनाबाय धनगरीण आणि धाकू यांची एकुलती एक ठकू होती, नऊ वर्षांची.

"मास्तर, मदी पऱ्या हाय," जनाबाय म्हणाली. पऱ्या म्हणजे आमचा डोंगरातला ओढा. एरवी घोट्याइतका, पावसात माणूस नेणारा.

"पाणी चढलं तर पाठवूच नका. एरवी धाकू पलीकडे सोडून जाईल. चार पोरं तरी खरी बसलेली दिसू देत, जनाबाय."

मग ठकू बापाच्या खांद्यावर बसून पऱ्या ओलांडून येऊ लागली. आली की घोंगडीच्या कोरड्या टोकानं पाटी पुसायची आणि पाटीभर 'ठ' काढायची. "ह्यो माजा," म्हणायची. दुसरं अक्षर काढ म्हटलं की फुरंगटायची. मला ती फार आवडायची. माझ्या वेणीची रिबन तिला हवी होती आणि मी ती दिली नव्हती, हे मला आजही खातं.

त्या दिवशी पाऊस नुसता ओतत होता. माझ्या पायात काटा मोडून पाय सुजला होता, म्हणून मला चिखलात उतरायला बंदी. मी पानांचं इरलं पांघरून गळक्या देवळात बसले होते, पाच बारकी पोरं सांभाळत. गुरुजींनी माझ्या पायाला शेक दिला, पटावर सगळ्यांचे 'ह' लिहिले आणि बांधावर गेले. ठकू आली नव्हती. पऱ्याला पाणी असणार, जनाबायनं ठेवून घेतली असेल, असं त्यांना वाटलं. तिच्यापुढेही त्यांनी 'ह' लिहिला.

दुपारच्या सुमाराला दारात खाकी कपड्यांतला माणूस उभा राहिला. पायात बूट. आमच्याकडे बूट घालणारा म्हणजे सरकार.

"धनगरवाड्यावरची ठकू शाळेत आलीय का?"

घोकलेलं आपोआप बाहेर आलं. "हजर आहे. आत्ताच गुरुजींबरोबर बांधावर गेली."

तो "बरं" म्हणाला आणि निघून गेला. मला वाटलं, मी शाळा वाचवली.

तीनला गुरुजी आले तेव्हा मी एका पायावर उड्या मारत सांगितलं, "गुरुजी, दिपोटी आले होते! ठकूचं विचारलं, मी हजर म्हटलं!"

"एकट्या ठकूचंच विचारलं?"

"हो."

"पट मागितला?"

"नाही."

गुरुजींनी हातातली छत्री तिथंच टाकली आणि पऱ्याच्या वाटेनं धावत सुटले. पन्नाशीचा माणूस, ओलं धोतर पायात येतंय, दोनदा पडले, उठले. मी दारातून बघत राहिले. काय झालंय ते मला कळलं नव्हतं, तरी मी रडायला लागले.

तो दिपोटी नव्हताच. जंगलखात्याचा माणूस होता. धाकू पहाटेच चुकलेल्या म्हशीमागे गेला होता आणि ठकू आईला न सांगता एकटीच शाळेला निघाली होती. पाऊस वाढला तेव्हा जनाबायनं बघितलं, पोरीची पाटी जागेवर नव्हती. पण गोठ्यात म्हैस व्यायला अडलेली, तिला सोडून निघता येईना. तेवढ्यात हा माणूस लांबच्या साकवाच्या, म्हणजे लाकडी पुलाच्या, वाटेनं खाली उतरत होता. जनाबायनं त्याला हात जोडले, पोर शाळेत पोचली का बघ आणि साद घाल. माझं उत्तर ऐकून त्यानं टेकाडावर चढून साद घातली, "हाय गो, शाळंत हाय!" जनाबायनं देवीचं नाव घेतलं आणि ती म्हशीकडे वळली.

पऱ्याच्या मधोमध एक मोठा खडक आहे. गुरुजी पोचले तेव्हा खडकावर कुणी नव्हतं. वरच्या खोबणीत ठकूची पाटी उभी करून ठेवलेली होती आणि शेजारी पानात बांधलेली भाकरी, अर्धी खाल्लेली. म्हणजे पोर तिथं अडकून बसली होती. भूक लागेपर्यंत बसली होती. कुणीतरी येईल म्हणून वाट बघत होती, आणि किती वेळ लागेल ते माहीत नाही म्हणून अर्धी भाकरी तिनं ठेवून दिली होती. नऊ वर्षांच्या पोरीला एवढी समज होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती खालच्या वळणावर सापडली.

आठवड्यानं खरे दिपोटी आले. देवळात सगळा गाव बसला. मी घरी गोधडीत तोंड खुपसून, आत्ता मला बोलावतील म्हणून कानोसा घेत होते. आईनं नंतर सांगितलं ते असं. गुरुजी उठून उभे राहिले आणि खालच्या शेतापर्यंत जाईल अशा आवाजात बोलले. "पट खोटा होता. मी लिहिला. त्या माणसाला मिळालेलं उत्तर मी शिकवलेलं होतं. यात गावाचा दोष नाही, आणि पोरांचा तर नाहीच नाही." जंगलखात्याचा माणूस म्हणाला, देवळात कुणी पोरगी होती, इरलं पांघरलेली, तोंड काही बघितलं नाही. दिपोटींनी पट मागवला, त्या दिवसाचं पान बघितलं आणि मिटला.

मला कुणी बोलावलं नाही. का, ते मला कळलं नाही, आणि विचारायची छाती नव्हती.

गुरुजींची पगारवाढ रोखली. बदली झाली नाही, कारण त्या डोंगरात दुसरा मास्तर यायला तयार नव्हता. शाळाही राहिली; पावसात पोरं पोलादपूरला धाडा असं मग वरून कुणी म्हटलं नाही. ठकूच्या जिवावर राहिली, असं आई म्हणायची.

मग रोज सकाळी जनाबाय यायला लागली. म्हशी घेऊन उतरायची आणि देवळासमोरच्या चढावर उभी राहायची. "मास्तरा, तुजं वाटोळं व्हईल रं! माजी पोर हजर लिवलीस न्हवं? मंग कुटं हाय ती? काड, काड तुज्या पटातनं भाईर!" पहिल्या दिवशी पाटील तिला आवरायला निघाले तर गुरुजींनी त्यांचा हात धरला. आम्हाला म्हणाले, "त्या बोलतायत तोवर कुणी पाटीवर लिहायचं नाही." खडू ठेवला, बाहेर गेले आणि झापाचं दार ओढून घेतलं. तेव्हापासून रोज तसंच. आत आम्हाला फक्त तिचा आवाज यायचा. गुरुजींचा कधीच नाही. परत आले की थोडा वेळ फळ्याकडे तोंड करून उभे राहायचे, मग शाळा सुरू व्हायची. त्यांनी पुन्हा कधी कुणाच्या नावापुढे खोटा 'ह' लिहिला नाही. बोंबील आणणंही सोडलं. गुरवानं दोन सोमवार वाट बघितली, मग वाटी आणणं थांबवलं.

मी चौथी झाले तेव्हा गुरुजींनी माझ्या वडिलांना मुंबईला तीन पत्रं लिहिली आणि मला महाडला आत्याकडे पाठवायला लावलं. मी सातवी झाले, पुढे शिकले, मास्तरीण झाले. सुट्टीत भेटले की ते माझ्या अक्षराला नावं ठेवत आणि मी हसत असे. पण त्या दुपारचा शब्द आमच्यात एकदाही निघाला नाही. माझ्या पोटात मात्र तो होता. जेवताना, झोपताना, फळ्यापाशी, होताच.

बावीस वर्षांची असताना मी ठरवून दासगावला गेले. गुरुजी निवृत्त होऊन घरी आले होते, दमेकरी झाले होते. घर नदीच्या काठावर, पण ओटीवर ते नदीकडे पाठ करून बसले होते. वहिनींनी, गुरुजींच्या पत्नीनं, चहा आणला. गुरुजींनी माझ्या शाळेत पोरं किती, मुली किती, सगळं विचारलं. मग मी कप खाली ठेवला.

"गुरुजी, त्या माणसाला ठकू हजर आहे असं मी सांगितलं."

"छे! तू कशी सांगशील? तू त्या दिवशी गैरहजर होतीस. पाय सुजला म्हणून घरी होतीस. पटावर आहे तसं."

"पटावर?"

तेव्हा मला उलगडलं. त्या संध्याकाळी सगळा गाव ठकूला शोधत पऱ्यावर असताना गुरुजींनी देवळात येऊन पट खरा केला होता. न आलेल्या एकेका पोराचा 'ह' खोडून तिथं 'गै' लिहिलं होतं. ठकूपुढे 'गै'. आणि माझ्यापुढेही. हजर उरली ती पाच बारकी पोरं, त्यांना कोण काय विचारणार! सगळा पट खरा करता करता त्यांनी त्यात एक खोटं नव्यानं लिहिलं, आणि ते माझ्यासाठी लिहिलं.

मी ओटीवरच रडायला लागले. म्हटलं, "मी जनाबायला सांगते. आजच्या आज जाऊन सांगते."

"नाही गो." आवाज जुनाच, शाळेतला. "त्या रागाच्या आधारानं ती बाई उभी आहे. एका माणसावर राग असला की माणसाला कुठं तोंड करून ओरडायचं ते कळतं. तो वाटून देऊ नकोस. आणि पट मी लिहिला होता. तू फक्त वाचलास."

एस.टी.च्या थांब्यापर्यंत धापा टाकत सोडायला आले. गाडी आली तेव्हा म्हणाले, "छत्री नीट धर, भिजतेयस." पुढच्या उन्हाळ्यात ते गेले. मला कळलं तेव्हा दहा दिवस होऊन गेले होते.

मी धनगरवाड्यावर गेले. जनाबायला ही बातमी दुसऱ्या कुणाकडून कळू नये असं वाटलं. ती दारात बसली होती, केस पांढरे झालेले.

"मास्तर गेला व्हय," ती म्हणाली. "रोज सकाळी उटलं का आदी त्याला शिव्या घालायचे, मंग चुलीपाशी जायचे. दासगावला गेला तरी हितनंच घालायचे. आता उद्याच्याला काय करू गो?"

तेव्हा मी गुरुजींचं ऐकलं नाही. तिच्यापुढे बसले आणि सगळं सांगितलं. खाकी कपडे, बूट, माझं उत्तर, पटावरचं 'गै', सगळं. एकही शब्द गिळला नाही. ती मला मारेल असं वाटत होतं. मारलं असतं तर बरं झालं असतं.

"तू केवडी व्हतीस तवा?"

"अकराची."

तिनं माझ्याकडे बघितलं. ठकू अकराची झाली असती तर कशी दिसली असती ते बघत असावी.

"मास्तराला ठावं व्हतं, तूच बोललीस त्ये?"

"त्याच दिवशी कळलं होतं."

जनाबायनं पदर तोंडाशी धरला.

"येक डाव तरी बोलायचं व्हतं रं, मास्तरा. मी शिव्या घालायचे आनि त्यो टोपी काडून, हात जोडून हुबा ऱ्हायचा गो माज्या म्होरं. पावसात बी. माजं संपस्तवर हलायचा नाय. मला वाटायचं, मेला दगड हाय."